अंगठ्याचा कौल

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंटरची परीक्षा देऊन झाल्यावरही, मी अंगठा चोखत होते.

रोज नाही. (म्हणजे रोजच, पण दिवसभर नाही.) पुस्तक वाचताना, एकटी असताना, आणि कुणी पाहत नाही याची तीन वेळा खात्री करून घेतल्यावर. अकरा वर्षं मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत काढली. काटा कुठल्या हातात धरायचा आणि सुरी कुठल्या हातात, हे तिथं आम्हांला घोटून घोटून शिकवलं. अंगठा कुठं ठेवायचा हे मात्र कुणी शिकवलं नाही! शाळेत मी सर्वांत शांत मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. त्याचं खरं कारण असं, की बडबड्या मुलींना मैत्रिणी होतात, मैत्रिणी झाल्या की त्या घरी राहायला येतात, आणि राहायला आल्या की त्यांना सगळं दिसतं. तेव्हा मैत्रिणी नकोत, सहल नको, वसतिगृह नको. लोक म्हणत, "किती सोज्वळ मुलगी!" मी मान खाली घालून गप्प बसे. मग त्यालाही लोक सोज्वळपणाच म्हणत.

तर अशी ही सोज्वळ मुलगी त्या वर्षी सुट्टीत बोटीनं मालवणला गेली. (वाटेत पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करून.) बंदरापासून कोसभरावर, अगदी समुद्राच्या पुळणीला लागून आमची वाडी. तिथं माझे काका-काकी राहायचे. काका म्हणजे वाडीच्या रापणीचे तांडेल. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धा गोल करून भलंमोठं जाळं सोडायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून चाळीस माणसांनी ओढत आणायचे. कधी सोडायचं आणि कधी ओढायचं, हे होडीत उभा राहून तांडेल ठरवतो. त्याचा शब्द शेवटचा. काकांना तर शब्दही लागत नसे, मिशीला पीळ दिला की चाळीस माणसं चूप!

या चाळीस माणसांच्या तांडेलाला एक माणूस मात्र जुमानत नव्हतं. ते म्हणजे शेवंता, त्यांची साडेचार वर्षांची मुलगी. लग्नानंतर नऊ वर्षांनी, नऊ ठिकाणी नवस बोलून झालेली. शेवंता उजव्या हाताचा अंगठा चोखायची. उठल्यापासून निजेपर्यंत. जेवताना काढायची, पण तेही घासापुरतं.

मी ओटीवर पाऊल ठेवते न ठेवते तोच काकी म्हणाली, "बरा झाला गो सुमन, तू इलंस! ह्या चेडवाचो अंगठो आता तूच सोडय."

"मी?" माझा आवाज चिरकला.

"मगे कोण? जूनात तेका शाळेत घालूचा आसा. तुझो काको डोळे वटारून बघता, तर ता दुसरो पण तोंडात घालता! तू इंग्लिश शिकलंस. तुमच्या पुस्तकांत काय सांगतत?"

एका मासिकात मी या विषयावर वाचलं होतं. (वाचताना मी काय करत होते ते सांगायला नकोच.) मी म्हणाले, "दुर्लक्ष करावं, असं म्हणतात."

"म्हणजे काय करूचा?"

"म्हणजे... काहीच नाही करायचं."

काकीनं कमरेवर हात ठेवले. "ह्या शिकूक अकरा वर्सा लागली?"

तेवढ्यात शेजारची भागीमावशी डोक्यावरची पाटी उतरवत खळ्यात, म्हणजे अंगणात, आली. भागीमावशीच्या पाटीत मासळी आणि गावच्या गप्पा-गजाली दोन्ही रोज ताज्या असत. तिनं शेवंताकडे पाहिलं आणि मान हलवली. "सोडय गो बाये, लवकर सोडय. आमच्या मावशीच्या वाडयेत एक चेडू होता. अंगठो चोखून चोखून दात असे फुडे इले, की लगनात घोवान अंतरपाट खाली केल्यान नि परत वर धरल्यान!"

काकीनं छातीवर हात ठेवला. मी तोंडावर.

दुसऱ्याच दिवशी काकीच्या माहेराहून, धामापूरहून, किरायतं आलं. ही पोटाच्या जंतांवर देतात ती वनस्पती. कडू म्हणजे किती कडू? काकीनं ते उकळलं तशा घरातल्या मुंग्या रांगेनं भागीमावशीकडे राहायला गेल्या! शेवंताच्या अंगठ्याला त्याचा लेप लावण्याचं काम अर्थातच इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरीणबाईंकडे आलं. मी तिचा हात माझ्या उजव्या हातात धरला आणि डाव्या हातानं लेप चांगला चोळून चोळून लावला. काकी म्हणाली, "बघा, शिकलेल्या माणसाचा काम कसा आसता!"

शेवंतानं अंगठा तोंडात घातला. तोंड वाकडं केलं. अंगठा बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिलं, उठून स्वयंपाकघरात गेली, गुळाच्या डब्यात तो बुडवला आणि परत येऊन जागेवर बसली. हे सगळं तिनं इतक्या शांतपणे केलं, की मला आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची आठवण झाली.

मी इतकी हुशार नव्हते. दुपारी जेवणं झाली. समोर काकी फणसाच्या आठळ्या सोलता सोलता पेंगत होती. तिचे डोळे मिटले. मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. पुस्तक उघडलं. आणि सवयीनं डावा हात वर गेला...

आई गं! जिभेपासून टाचेपर्यंत माझी शीर न् शीर कडू झाली. थुंकावं तर काकी जागी होणार. गिळावं तर जीव जाणार. मी गिळलं. नेमकं त्याच क्षणी काकीनं डोळे उघडले.

"काय झाला गो? तोंड असा कित्याक केलंस?"

"गोष्ट फार दुःखी आहे," मी पुस्तक दाखवत म्हणाले.

"मगे वाचतंस कित्याक?" म्हणून काकीनं पुन्हा डोळे मिटले.

चार दिवसांत शेवंताला किरायत्याची इतकी सवय झाली, की तिला नुसता गूळ मिळमिळीत लागायला लागला. ती स्वतःहून हात पुढे करून म्हणायची, "ताये, कडू लाव मां!" मग काकीनं मिरची लावली. शेवंतानं तो हात प्रेमानं बापाच्या तोंडावरून फिरवला. त्या दिवशी वाडीचे तांडेल घळाघळा रडत होडीत चढले! शेवटी काकीनं फडकं काढलं, अंगठ्याला घट्ट गुंडाळलं, वर आपली खास गाठ मारली आणि मला बजावलं, "आता हिच्यार नजर ठेव. गाठ सुटता नये."

मी नजर ठेवली. म्हणजे ठेवणार होते. पण मी पडले मुंबईची, दिवसभर माणसांत बसायची सवय नाही. सुरूच्या झाडांखाली एक जुनी होडी पालथी घालून ठेवली होती. तिच्या मागं समुद्राकडे तोंड करून बसलं, तर वाडीतून कुणाला काही दिसत नसे. ही जागा मी पहिल्याच दिवशी हेरली होती. (माणसं गावाला गेली की देऊळ पाहतात, विहीर पाहतात. मी आडोसा पाहते.) त्या दुपारी मी तिथं गेले, तीन वेळा मागं पाहिलं, आणि पुस्तकाचं पान उलटलं.

पंधराव्या पानावर कुणीतरी विचारलं, "ताये, तुझो गोड आसा?"

शेवंता! होडीच्या टोकाशी, फडकं बांधलेला हात वर धरून उभी. मी मागं तीन वेळा पाहिलं होतं, पण बाजूला पाहिलं नव्हतं!

मी अंगठा पदराआड केला. "मी... मला काटा लागला होता."

"रोज लागता?"

"रोज? तू रोज पाहतेस?"

"व्हय. माका वाटला, तुझो गोड आसतलो म्हणान तू कोणाक देणा नाय."

मी घाबरून हात जोडले. "शेवंता, हे कुणाला सांगू नकोस हं. काकीला नको, काकांना नको, भागीमावशीला तर मुळीच नको!"

शेवंतानं विचार केला. चाळीस माणसांच्या तांडेलाची मुलगी ती, करार कसा करायचा हे तिला उपजत ठाऊक होतं. तिनं फडकं बांधलेला हात माझ्यापुढं धरला.

"सोड."

मी गाठ सोडली.

त्या दिवसापासून होडीमागं आम्ही दोघी शेजारी शेजारी बसू लागलो. मी वाचायची, ती समुद्राकडे पाहायची. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मी तिच्या अंगठ्याला पुन्हा फडकं गुंडाळून हुबेहूब काकीसारखी गाठ मारायची. शाळेत गर्ल गाइडमध्ये मला गाठींसाठी बिल्ला मिळाला होता. अकरा वर्षांच्या शिक्षणातला तेवढाच भाग माझ्या आयुष्यात उपयोगी पडला, आणि तोही असल्या कामाला!

पण तिथंच घात झाला. काकी रोज संध्याकाळी फडकं सोडून अंगठा पाही. फडकं कोरडं, गाठ जागच्या जागी आणि अंगठा भिजून मनुकेसारखा सुरकुतलेला! असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी काकीनं भागीमावशीला बोलावलं.

"गाठ माझी आसा," काकी दबक्या आवाजात म्हणाली, "फडको सुको आसा. नि अंगठो ओलो! ह्या माणसाचा काम न्हय गो."

भागीमावशीनं फडकं हुंगलं. "न्हयच. देवाक कौल लावूक व्हयो."

मी तिथंच बसले होते. हे माणसाचंच काम आहे, आणि ते माणूस इथंच तांदूळ निवडतंय, एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी तांदूळ निवडत राहिले.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे ग्रामदेवाच्या देवळात. कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर गुरवानं ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. देऊळ गच्च भरलं होतं. (तांडेलाच्या घरचा कौल आणि भागीमावशीनं तो गुप्त ठेवायचं ठरवलेलं!) गुरवानं खाकरून गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आज तुझ्या ह्या लेकरान वर्सभर अंगठो तोंडातसून भायर काडूक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"किरायता लावला, मिरची लावली, फडको बांधलो, तरी तेका गुण नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या भायल्या कोणाचा काम आसा, काय घरातल्याच कोणाचा, ता आज उजवा-डावा करून दाखय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यातला सर्वांत बारीक 'व्हय' माझा होता.

बाहेरच्याचं काम? डावी पडली. घरातल्याचं? टप्कन उजवी पडली! मी आजवर देवाधर्माकडे जरा इंग्रजी नजरेनं पाहत होते. त्या क्षणी माझ्या गुडघ्यांनी धर्मांतर केलं.

"घरातलाच माणूस आसा," गुरव म्हणाला. "चोरून अंगठो चोखता, नि तेचो दोष चेडवार इलो. आता एकेकाचा नाव घेवया."

काकीचं नाव घेतलं. डावी. गुरवानं विचारलं, "कुत्रो आसा काय घरात?"

"आसा," काकी म्हणाली, "पण कुत्र्याक अंगठो खंय आसता?"

कुत्रा सुटला. गुरवानं माझ्याकडे बोट केलं. "ह्या कोण?"

मी खांबाआड सरकले. पण काकी ताडकन म्हणाली, "तिचा नाव कशाक? ती पुतणी माझी, मुंबयची, इंग्लिश शाळेत शिकलेली! थंय काय अंगठो चोखूक शिकयतत?"

"ता पण खरा," गुरव म्हणाला आणि त्यानं माझी पाकळी लावलीच नाही. मी मनातल्या मनात साऱ्या इंग्रजी शिक्षणपद्धतीला साष्टांग नमस्कार घातला.

आता उरले कोण? काका. गुरव घुटमळला. तांडेलाचं नाव घ्यायचं कसं? पण घेतलं. पाकळी लावली आणि त्याला सटकन शिंक आली. ही शिंक बहुधा मी एकटीनंच पाहिली. बाकीच्यांनी पाहिलं ते एवढंच, की उजवीकडची पाकळी खाली पडली.

काकांचा हात मिशीकडे गेला आणि मिशीपर्यंत पोचण्याआधीच खाली आला. त्यांनाही अंगठा दाखवायची लाज वाटली असावी!

"देव खोटा बोलणा नाय," एवढंच ते म्हणाले.

गुरवानं उपाय सांगितला: तांडेलानं उजव्या अंगठ्याला अंगारा लावून आठ दिवस पांढरं फडकं बांधायचं. काकीनं घरी येताच बांधलं. तीच खास गाठ.

त्या दुपारी काका ओटीवर माझ्याजवळ येऊन बसले. फडकं बांधलेल्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "सुमन, तू शिकलेली आसस म्हणान इचारतंय. माणूस निजेत काय करता, ता तेका कळता काय गो?"

"नाही कळत, काका."

"मगे देव म्हणता ता खराच आसतला." एवढा मोठा माणूस, वादळात होडी घालणारा, त्यानं फडक्यावरून हलकेच अंगठा चाचपला. "चाळीस वर्सा झाली, माका काय पत्तोच नाय!"

खरं सांगायची ही वेळ होती. शाळेत मला प्रामाणिकपणाबद्दल एक पुस्तकही बक्षीस मिळालेलं आहे. मी काकांना विचारलं, "चहा करू?"

पुळणीवर आता रोज सकाळी कुणी ना कुणी खोकायचं. "तांडेलानू, न्याहारी झाली, काय अंगठ्यारच भागवलात?" काका ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण चौथ्या दिवशी जे झालं, ते ऐकून न ऐकल्यासारखं करण्याजोगं नव्हतं.

त्या दिवशी बांगडा आला होता. पाणी काळं दिसावं एवढा मोठा थवा! काका होडीत उभे, रापण समुद्रात पडत होती, किनाऱ्यावर चाळीस माणसं पहिला दोर धरून उभी. ठरलेली खूण अशी, की दुसरा दोर किनाऱ्याला लागला, जाळ्याचं तोंड बंद झालं, की तांडेल पांढरा फडका हलवणार. मग दोन्हीकडून ओढायचं. होडी अजून अर्ध्यात होती. एवढा थवा पाहून काकांना हुरूप आला, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

किनाऱ्यावरून दिसला तो पांढरा फडका. एकदा वर, एकदा खाली. पिळावर पीळ!

"ओढा रेऽऽ!" कुणीतरी ओरडलं. चाळीस माणसांनी जीव खाऊन ओढलं. होडीत काका नाचत होते, दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होते, आणि ते जितके हात हलवत, तितका फडका हले, आणि तितकी किनाऱ्यावरची माणसं जोरानं ओढत! जाळं एका अंगानं गोळा झालं. बांगड्यांनी उघड्या तोंडातून शांतपणे रस्ता धरला आणि सगळेच्या सगळे बहुधा गोव्याला गेले. रापणीत आले चार खेकडे आणि कुणाची तरी जुनी वहाण. भागीमावशी रिकामी पाटी घेऊन वाडीभर बोंबलत फिरली.

संध्याकाळी रापणीची सगळी माणसं आमच्या खळ्यात जमली. बाबल हा त्यांच्यातला वडीलधारा. तो डोकीचा पटका काढून म्हणाला, "तांडेलानू, राग मानू नकात. पण अंगठो सुटापर्यंत तांडेलकी दुसऱ्या कोणाकडे देवया."

काका म्हणाले, "तुमचा बरोबर आसा."

मी दाराआड उभी होते. काकांच्या आजोबांपासून चालत आलेली तांडेलकी, आणि ती माझ्या अंगठ्यापायी जाणार! मी बाहेर येऊन कबुली द्यायचं ठरवलं. वाक्य जुळवू लागले. आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत आणलं, मग त्यात 'नम्रपणे' घातलं, मग ते काढलं. मी पुन्हा घालत होते, तेवढ्यात खळ्याच्या मधोमध शेवंता उभी राहिली.

"माझो बाबा चोखणा नाय!" ती ओरडली. "चोखता ती ताय!"

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, सुटले! मला बोलावंच लागणार नाही.

पण काकी उसळली. "शेवंता! शिरा पडो तुझ्या तोंडार! इतक्या शिकलेल्या ताईर आळ घेतंस?"

"बापाशीक वाचवूक बघता गो ता," भागीमावशी म्हणाली. "पण खोटा बोलणा बरा न्हय."

"खोटा न्हय! खरा!"

काकीनं हात उगारला. शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. करार मोडल्याची शरम तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. साडेचार वर्षांच्या पोरीला जेवढी शरम होती, तेवढी मला एकोणीस वर्षांत झाली नव्हती. मी उंबरा ओलांडला आणि म्हणाले, "खरं आहे."

"काय म्हणता ती?" मागून कुणीतरी विचारलं.

"खरं आहे. मी चोखते."

"मुंबयवाली हळू बोलता. मोठ्यान सांग गो!"

"काय चोखता?" भागीमावशीनं कानामागं हात धरला. "आंबो?"

"अंगठा!" मी किंचाळले. "अंगठा! मी अंगठा चोखते!"

जन्मात पहिल्यांदा मी एवढ्या मोठ्यानं बोलले. नारळावरचे कावळे उडाले. पलीकडच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. बहुधा बंदरात उभ्या असलेल्या बोटीवरही ऐकू गेलं असावं.

काकांनी सावकाश अंगठ्यावरचं फडकं सोडलं. अंगठा उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे... मी न्हय?" फाशी रद्द झालेला माणूस असाच बोलत असेल.

"देवान घर बरोबर सांगल्यान मां!" बाबल म्हणाला. "माणूस तेवढो चुकलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. देवाची अब्रू वाचली, गुरवाची वाचली, तांडेलाची तर जागच्या जागी परत आली. काकी मात्र माझ्याकडे पाहत तशीच उभी होती.

"पण तुका तर इंग्लिश येता!" ती म्हणाली.



मग काकीला शेवंताची आठवण झाली. "नि तू गो? बघू तुझो अंगठो." तिनं फडकं सोडलं. अंगठा कोरडा! सुरकुती नाही, ओल नाही. काकांच्या भानगडीत कुणीच, अगदी मीही, पाहिलं नव्हतं. "ह्यो कधी सोडलंस?"

"झाले चार दीस."

"कोणी सोडयलो? देवान?"

"मीच सोडलंय."

"कित्याक?"

शेवंतानं माझ्याकडे बोट केलं. "ताय बघ मां. दिसभर होडयेच्या मागे बसता. कोण इलो काय तोंडातसून काडता, कोण गेलो काय परत घालता. कोणी हाक मारली तर ओ देणा नाय. मोठी झाल्यार माका तसा लपान बसूचा नाय. मगे खेळूक कधी मेळतला?"

खळ्यात कुणीही हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. भागीमावशीनं चुटकी वाजवली.

"औषध गावला गो बाये!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाडीतल्या बायका आपापली अंगठाचोखी पोरं काखेला मारून आमच्या ओटीवर येऊ लागल्या. पोरांना किरायतं लावून घ्यायला नव्हे, त्यांना मी दिसावी म्हणून! मी कोपऱ्यात बसलेली असे. आई माझ्याकडे बोट करून म्हणायची, "बघ रे, सोडूक नाय तर असा होता." पोर माझ्याकडे टक लावून पाहायचं आणि हळूच अंगठा बाहेर काढायचं. आठवडाभरात सहा पोरांचा सुटला. गुण येतो म्हटल्यावर पंचक्रोशीतून माणसं यायला लागली. एक बाई तर बांद्याहून दोन एस.टी. बदलून आली. तिचा मुलगा काही केल्या बधेना. माझ्याकडे पाहतच अंगठा चोखत राहिला.

ती बाई अजिजीनं म्हणाली, "बाये, जरा चोखून दाखय गो. पोरग्याक समजात."

ओटीवर सोळा माणसं टक लावून पाहत होती. माझा स्वभाव मुळातच भिडस्त. मला नाही म्हणवलं नाही.